सतरा प्रकरणांची नक्कल

“सर, पेन रिकामा आहे.”

दस्तगीर नदाफ दारातूनच म्हणाला. घडी केलेली पांढरी काठी त्याने काखेत धरली होती आणि उजव्या हाताच्या चिमटीत पेन ड्राइव्ह होता. माझ्या आवाजाचा अंदाज घेऊन त्याने तो टेबलाच्या दिशेने पुढे केला.

“रिकामा म्हणजे?”

“म्हणजे रिकामाच की. घरी डीव्हीडीला लावला, तर भाऊ म्हणतोय पडद्यावर काहीच येईना. मला वाटलं, त्यालाच कळंना झालंय. मग स्टँडजवळच्या नेट कॅफेत नेला. तिथला माणूसबी तेच म्हणाला. वर मलाच विचारतोय, पेन आजच घेतला काय?”

मी हसलो. पेन संगणकाला खोचला, चार आज्ञा टंकल्या आणि पाहिले. पेन खरोखरच कोरा होता.

“बाईंनी सगळं पुस्तक दिलं होतं ना यात?”

“सगळं. सतरा प्रकरणं, तीस तास. काल दुपारी त्यांनी स्वतःच्या हातानं पेन दिला मला.”

“आणि पेपर कधी आहे?”

“सोमवारी.”

तो बुधवार होता.

ही गोष्ट मिरजेतली आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होतो आणि फावल्या वेळात एका लहानशा संस्थेचा संगणक सांभाळत होतो. अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणे हे त्या संस्थेचे काम. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यांतल्या एकीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून गोधड्या लावलेल्या. खाली तंबोऱ्यांचा कारखाना होता. अकराच्या सुमारास तिथे तारा जुळवायला सुरुवात होई. म्हणून वाचकांनी सकाळी सातला बसावे आणि साडेदहाला उठावे, अशी पद्धत पडली होती. तरीही काही पुस्तकांत मागे कुठेतरी षड्ज लागलेला ऐकू येई. विद्यार्थ्यांनी त्याची कधी तक्रार केली नाही.

कार्यवाह कोरेकाका निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा एकच नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर होता: पानावर आहे ते सगळे वाचावे. तळटीप, चित्राखालची ओळ, कंसातला सनसुद्धा. दमलात तर थांबा, पण गाळू नका. आणि प्रत्येक बैठकीची नोंद वहीत करा. नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना असे. बहुतेक वाचक तो कोरा सोडीत. हुपरीकर बाईंचा शेरा मात्र कधी तीन ओळींहून कमी नसे.

कुमुद हुपरीकर मुलींच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. दस्तगीर एम. ए.ला बसत होता, सामाजिक इतिहास हा त्याचा शेवटचा विषय होता आणि त्या विषयाचे जाडजूड पुस्तक बाईंनी वाचायला घेतले होते. जानेवारीत त्यांचा आवाज बसला. स्वरतंतूवर गाठ निघाली. डॉक्टरांनी वाचन तत्काळ थांबवायला सांगितले; बाईंनी शस्त्रक्रियेची तारीख मार्चपर्यंत पुढे नेली आणि घसा चालेल त्या दिवशी एक-दीड तास वाचून पुस्तक संपवले. ते मंगळवारी संपले. शस्त्रक्रिया गुरुवारी होती. त्यानंतर तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नव्हता.

दस्तगीरलाही थांबता येण्यासारखे नव्हते. एका निवासी शाळेने त्याच्यासाठी शिक्षकाची जागा जूनपर्यंत राखून ठेवली होती. एम. ए.चा निकाल हातात असला तरच ती त्याची.

संगणकाविषयी थोडे सांगायला हवे. तो देणगीतून आलेला, जुना होता. विद्यार्थ्यांचे पेन वसतिगृहातून वसतिगृहात फिरत आणि येताना व्हायरस घेऊन येत; त्यांचा त्रास नको आणि खर्चही नको, म्हणून मी त्यावर लिनक्स बसवले होते. या प्रणालीत पेन नुसता खोचून भागत नाही, तो आधी जोडावा लागतो. आपोआप जोडण्याची सोय होती, पण प्रत्येक पेन वेगळ्याच नावाने पडद्यावर उगवे आणि वाचकांचा गोंधळ उडे. म्हणून मी ती सोय बंद केली आणि एक रिकामे फोल्डर कायमचे ठरवून दिले. भिंतीतला कोनाडा समजावा. पेन जोडला की त्या कोनाड्यात एक पेटी बसते. आपण कोनाड्यात जे ठेवू ते पेटीत जाते. मग पेटी सोडवून कुठेही न्यावी. बाईंना मी हे अशाच शब्दांत समजावले होते आणि त्यांच्यासाठी तीन आज्ञा बनवून पुठ्ठ्यावर लिहून दिल्या होत्या: जोडा, नक्कल, सोडा. तेवढा शब्द टंकायचा, बाकीचे यंत्र करील. नक्कल झाली की कोनाडा उघडून फायली मोजायच्या, संख्या जुळली की मूळच्या पुसायच्या, कारण डिस्क लहान होती. एरवी तो पेन कपाटात जाई आणि रविवारी मी त्यावरून सीडी करून ठेवी. या वेळी परीक्षा तोंडावर आली म्हणून तो थेट दस्तगीरच्या हाती गेला होता.

कोरेकाका आणि बाई थोड्याच वेळाने, जिन्यात भेट होऊन, बरोबरच आले. मी काय झाले ते सांगितले. बाई खुर्चीवर बसल्या.

“बाई, काल काय काय केलंत ते जरा क्रमानं सांगा.”

“पुठ्ठ्यावर आहे तेच केलं.” त्यांचा आवाज तेव्हा कोरड्या पानांवरून चालल्यासारखा येत होता. “जोडा दिलं. नक्कल दिलं. कोनाडा उघडून मोजली, सतरा होती. मग मूळची पुसली, सोडा दिलं आणि पेन काढला.”

“सतरा तुम्ही स्वतः पाहिलीत?”

“दोनदा मोजली.”

“मग पेनमध्ये का नाहीत?”

“ते मला कसं कळावं, शीतल?” त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिले. “एक झालं खरं. नक्कल फार लवकर झाली. एरवी माझा चहा पिऊन होतो. काल मी अजून गाळलासुद्धा नव्हता. आणि ‘जोडा’ दिल्यावर इंग्रजीत एक ओळ आली होती.”

“कसली ओळ?”

“मी पुढं गेले. इंग्रजीत काय यायचं ते येऊ दे, तिकडं लक्ष देऊ नका, असं तूच सांगितलं होतंस ना?”

कोरेकाकांनी माझ्याकडे पाहिले.

“मी असं सांगणार नाही, बाई,” मी म्हणालो. “इंग्रजीत येते ती यंत्राची सूचना असते. तिच्याकडे लक्ष देऊ नका, असं मी कशाला सांगीन?”

मी खोटे बोललो नव्हतो. मला खरोखरच तसे काही आठवत नव्हते. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. वर्गातल्या मुलीने अनपेक्षित उत्तर दिल्यावर पाहावे तसे. मग त्या म्हणाल्या, “बरं. माझीच समजूत चुकली असेल.”

दस्तगीरने काठीची घडी उघडली, पुन्हा मिटली.

“मी ऑपरेशन आठ दिवस पुढं ढकलते,” बाई म्हणाल्या. “आजपासून रोज चार तास बसले, तर निदान महत्त्वाची प्रकरणं...”

“अजिबात न्हाई, बाई!” दस्तगीर पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. “पेपर काय, पुढच्या सालीबी येतोय. गळा येतोय व्हय दुसरा?”

“आणि शाळेतली जागा?”

“ऱ्हाईली तर ऱ्हाईली. न्हाईतर आमच्या आळीत गणपतीच्या मंडळाला एक निवेदक पायजेच हाय. डोळ्यांची अट न्हाई.”

बाई हसल्या आणि हसण्यानेच त्यांना खोकला आला. कोरेकाकांनी पाण्याचा पेला पुढे केला. मग त्यांच्या नेहमीच्या, टपालाच्या खिडकीतल्या मऊ आवाजात ते म्हणाले, “बाई, वाचनात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण मशीनचं काम आता राहू द्या. बऱ्या होऊन या आणि वाचा. मशीन शीतलराव बघतील.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी हेडफोन आपल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला, वह्या सरळ केल्या आणि त्या निघाल्या. जिन्यावर त्यांची पावले नेहमीपेक्षा सावकाश उतरताना ऐकू आली.

त्या दिवशी मी रजा काढली. पुसलेल्या फायली शोधणारा एक प्रोग्राम पेनवर चालवला; त्यातून एवढेच कळले की त्या पेनवर त्या आठवड्यात काहीही लिहिले गेले नव्हते. मला निदान मिळाल्यासारखे वाटले. बाईंनी सतरा फायली मोजल्या त्या मूळच्याच फोल्डरमध्ये. नक्कल झालीच नाही आणि त्यांनी मूळ पुसले. मी हे कोरेकाकांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, “व्हायचंच. वय झालं.” मी त्यावर काही बोललो नाही. पेन तसाच जोडलेला ठेवला आणि पुस्तक काढले.

ते मीच वाचायचे ठरवले होते. सगळे नव्हे, दस्तगीरने निवडलेली आठ प्रकरणे. ध्वनिमुद्रण करून नक्कल देण्यात वेळ जाईल, म्हणून त्याला समोर बसवूनच वाचायचे आणि जमेल तेवढे मुद्रितही करायचे. गुरुवारी आम्ही दोन प्रकरणे कशीबशी संपवली. त्याच दुपारी बाईंची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचा निरोप आला.

शुक्रवारी सकाळी मी तिसरे घेतले. अर्ध्या तासाने दस्तगीरने हात वर केला.

“सर, रागावणार न्हाई तर एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही पुस्तक वाचताय का जंक्शनवर गाडीची घोषणा करताय? सगळी वाक्यं एकाच फलाटावर यायला लागल्यात.”

“मग बाईंसारखं मला येतंय होय?”

“तसं न्हवं. बाई वाचताना कळतंय, लेखकाला कुठलं वाक्य म्हत्त्वाचं वाटतंय ते. तुमच्यात कळतंय, तुम्हाला कुठं श्वास लागतोय ते.” तो हसला. “पण वाचा. न्हाईपेक्षा बरं.”

मी पाणी प्यालो. साडेआठ वाजले होते. तेवढ्यात त्याला काहीतरी आठवले.

“वहीत नोंद केलीसा का? कोरेकाका बघितल्याशिवाय ऱ्हायचे न्हाईत.”

गुरुवारची नोंदसुद्धा राहिली होती. मी वही काढली.

“बाईंचा शेवटचा शेरा वाचा की, सर. त्या दर खेपंला मला वाचून दाखवायच्या. कावळा वरडला तरी लिहायच्या.”

मी पान उलटले. बाईंचे अक्षर फळ्यावरच्यासारखे सुटे आणि सरळ होते. मी मोठ्याने वाचू लागलो.

“मंगळवार. प्रकरण सतरा, पृष्ठ चारशे दोन ते चारशे अठरा. वेळ एक तास दहा मिनिटे. पृष्ठ चारशे नऊ येथे खोकला आला, वाक्य पुन्हा वाचले. सात चाळीसला मालगाडीची शिटी. पुस्तक पूर्ण.”

“पुस्तक पूर्ण,” दस्तगीर हलकेच म्हणाला.

“नक्कल करताना, ‘जोडा’ ही आज्ञा दिल्यावर पुढील ओळ आली.” त्याखाली बाईंनी ती इंग्रजी ओळ एकेक अक्षर उतरवून घेतली होती, टिंब, तिरकी रेघ, काही सोडले नव्हते. मी ती वाचली आणि थांबलो.

“म्हणजे काय, सर?”

“म्हणजे... ज्या नावाचं उपकरण जोडायला सांगितलं आहे, तसं उपकरणच इथं नाही.”

“पेन तर खोचलेला हुता.”

“हो.”

मी संगणकाच्या मागे पाहिले. सोमवारी संध्याकाळी मी तिथे नवे उपकरण बसवले होते. कुणीतरी संस्थेला खिशात मावणारा ध्वनिमुद्रक दिला होता आणि त्याचे छोटे कार्ड वाचण्यासाठी ते लागणार होते. यंत्र अशा उपकरणांना ओळीने नावे देते. आजवर पेनला जे नाव मिळे ते सोमवारपासून या नव्या उपकरणाला मिळाले होते आणि पेनकडे पुढचे नाव गेले होते. मी बनवलेली ‘जोडा’ ही आज्ञा मात्र जुन्याच नावाने हाक मारीत राहिली. मला ते कळण्याचे कारण नव्हते, कारण ‘जोडा’ मी स्वतः कधीच वापरत नसे. मी दर वेळी पेनचे नाव पाहून पूर्ण आज्ञा टंकत असे. ती सोय इतरांसाठी होती.

“पेटी बसलीच नव्हती,” मी म्हणालो.

“कसली पेटी?”

मी त्याला कोनाड्याचे सांगितले. पेटी नव्हती, म्हणून बाईंनी ठेवलेल्या सतरा फायली थेट कोनाड्यात गेल्या होत्या. तिथे त्यांनी त्या मोजल्या, दोनदा मोजल्या. आकडा बरोबर होता. ज्या डिस्कवर होत्या त्याच डिस्कवर उतरल्या, म्हणून चहा गाळायच्या आत नक्कल झाली. आणि बुधवारपासून मी त्याच कोनाड्यात पेटी बसवून, त्या पेटीत वाकून पाहत होतो. पेटीमागे काय आहे ते पेटी असेपर्यंत दिसत नाही.

हे सारे सांगत असताना माझी नजर वहीवरच होती. त्या इंग्रजी ओळीखाली आणखी एक वाक्य होते. ‘शीतलने पूर्वी सांगितल्याप्रमाणे इंग्रजी ओळीकडे लक्ष न देता पुढे गेले.’ मंगळवारची तारीख, सकाळची वेळ. पेन रिकामा निघण्याच्या एक दिवस आधी लिहिलेले.

मग मला आठवले. डिसेंबरातली सकाळ होती, मला सांगलीला निघायचे होते, हेल्मेट हातात होते. यंत्राचे जुने घड्याळ मागे पडे आणि त्याबद्दलची एक निरुपद्रवी सूचना दर वेळी पडद्यावर येई. बाईंनी मला दारातून परत बोलावले होते. मी आत न येता तिथूनच म्हणालो होतो, “अहो बाई, इंग्रजीत काहीही येऊ दे हो. लक्षच देऊ नका. पुढं चला.”

“सर? संपला शेरा?”

“संपला,” मी म्हणालो.

मी पेन सोडवला. फोल्डर पुन्हा उघडले. सतरा फायली ओळीने होत्या, एक ते सतरा. पहिली सुरू केली आणि गोधड्यांच्या त्या खोलीत बाईंचा आवाज आला, जानेवारीच्या सुरुवातीचा, स्वच्छ.

दस्तगीर उठून उभा राहिला होता. “पहिलं नको, सर. नववं लावा, नववं! माझं तिथंच अडलंय.”

मी नववे लावले. तो उभ्यानेच ऐकत राहिला. दहा मिनिटांत मी पेन नीट जोडला, नक्कल केली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, पेन दुसऱ्या बाजूला खोचून फायली तपासल्या. मूळच्या या वेळी पुसल्या नाहीत. पेन त्याच्या हातात ठेवला.

“मग चूक कुणाची झाली म्हणायची?” त्याने विचारले.

“यंत्राचा घोटाळा. नावांची अदलाबदल झाली.”

“बाईंची न्हाई?”

“नाही.”

“बाईंची न्हाई, माझी न्हाई, तुमचीबी न्हाई. लई चांगलं झालं.” तो मनापासून म्हणाला आणि नऊ वीसची मालगावची एसटी धरायला काठी टेकत जिना उतरला.

शनिवारी दुपारी मी ब्राह्मणपुरीत बाईंच्या घरी गेलो. त्या सकाळीच रुग्णालयातून आल्या होत्या. दार त्यांनीच उघडले, ओठांवर बोट ठेवून आपली अडचण सांगितली आणि मला बसायला खूण केली. हातात वही आणि पेन्सिल होती.

“बाई, सापडलं. सगळं सापडलं. सतराच्या सतरा.”

त्यांनी डोळे मिटले. जरा वेळाने उघडले आणि लिहिले: ‘कुठे?’

मी सांगितले. पेटीचे, कोनाड्याचे, नव्या उपकरणाचे. त्यांनी मध्येच लिहिले: ‘म्हणजे मी मोजली ती बरोबर होती.’

“बरोबर होती. दोन्ही वेळा.”

त्यांनी मान हलवली. पुढचे, माझ्या कबुलीचे वाक्य मी घरून जुळवून आणले होते. ते मी उच्चारणार तोच त्या पुन्हा लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मग वही फिरवून त्यांनी माझ्यापुढे केली.

‘पृष्ठ २८७. खालची तळटीप मी गाळली आहे. त्या दिवशी घसा अजिबात साथ देत नव्हता. शेऱ्यात लिहिण्याची लाज वाटली, म्हणून तिथेही लिहिले नाही. टीप महत्त्वाची आहे, प्रश्न येऊ शकतो. त्याला आजच वाचून दाखव. आणि मी गाळली, हे सांग.’

शेवटच्या वाक्याखाली दुहेरी रेघ होती.

मी जुळवून आणलेले वाक्य तिथे बोललो नाही. बोललो असतो तर ते त्यांच्या वाक्याच्या आडोशाला उभे राहिले असते. “आत्ताच जातो,” एवढे म्हणून उठलो.

मालगावात दस्तगीरच्या घरी त्याची आई अंगणात मिरच्या निवडत होती. आत डीव्हीडीचा आवाज चालू होता. बाई अकरावे प्रकरण वाचत होत्या. माझा आवाज ऐकून दस्तगीरने रिमोटचे बटण दाबले.

“काय सर, पुन्हा घोषणा करायला आलासा?”

“एका टिपेपुरतीच.” मी पुस्तक उघडले, पृष्ठ सांगितले आणि टीप वाचली. त्याने ती पुन्हा वाचायला लावली, ब्रेलच्या पाटीवर टोचून घेतली. मग मी म्हणालो, “ही बाईंनी गाळली होती. घसा दुखत होता. तसं सांग म्हणाल्या.”

“बाईंनी? गाळली?” तो थक्क झाला आणि मग हसू लागला. “अम्मी, ऐकलंस का? बाईबी माणूसच हाईत!”

“मीही एक गाळलं आहे, दस्तगीर.”

“काय?”

“काल वहीतला शेरा वाचताना शेवटची ओळ वाचली नाही. ‘शीतलने पूर्वी सांगितल्याप्रमाणे इंग्रजी ओळीकडे लक्ष न देता पुढे गेले.’ मी तसं सांगितलं होतं. डिसेंबरात. वहीत वाचलं तेव्हा आठवलं. तरी तुला संपला म्हणालो.”

तो पाटीवरून बोट फिरवत राहिला. बाहेर त्याच्या आईने सूप आपटले.

“कोरेकाकांना सांगितलं?” त्याने विचारले.

“अजून नाही. आधी तुला सांगावं म्हटलं.”

“मला सांगून मी काय करू, सर? माझा अभ्यास चाललाय. बाईंच्या हातनं मशीन काढून घेतलंय ते कोरेकाकांनी.”

त्याने रिमोट उचलला. बाईंचे वाचन जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले.

रविवारी सकाळी मी कोरेकाकांकडे गेलो. ते व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. सगळे ऐकून घेईपर्यंत त्यांनी ते खाली ठेवले नाही, पण पानही उलटले नाही.

“बुधवारी हे बोलला असतात, तर...” ते म्हणाले.

“बुधवारी मला आठवतच नव्हतं, काका.”

“मग ‘आठवत नाही’ म्हणायचं होतं. तुम्ही ‘मी असं सांगणार नाही’ म्हणालात. या दोन्हींत फार अंतर आहे, शीतलराव. आणि त्या अंतरात आपण बाईंना उभं केलं. मीही केलं. फोनवर मी काय बोललो ते मला आठवतंय.”

त्यांनी चप्पल घातली आणि ते माझ्याबरोबर संस्थेत आले. वही काढून त्यांनी बाईंच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिले: यंत्रावरील काम हुपरीकर बाईंकडे पूर्ववत राहील. सही केली आणि मलाही करायला लावली. मी ‘नक्कल’ ही आज्ञा उघडून तिच्यात एक अट घातली: पेन जोडलेला नसेल तर काहीही न करता थांबायचे, आणि का थांबले ते मराठीत सांगायचे. त्याला चार मिनिटे लागली. ती मी डिसेंबरातच घालायला हवी होती.

दस्तगीरने पेपर दिला आणि जूनमध्ये तो शाळेत रुजू झाला. बाईंचे तीन आठवड्यांचे मौन सहा आठवड्यांवर गेले. मे महिन्यातल्या एका सकाळी त्या संस्थेत आल्या. आवाज परतला होता, पण खालच्या पट्टीत आणि अर्धा. बसता बसताच त्यांनी सांगून टाकले की यापुढे मोठ्याने वाचायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली आहे. आतल्या खोलीत दुसरे एक वाचक नव्या ध्वनिमुद्रकासमोर वाचत होते. बाई काही क्षण तिकडे कान देऊन बसल्या.

“वाचायचं नाही, तर मग मी इथं काय करायचं, ते सांगा,” त्या म्हणाल्या.

कोरेकाका माझ्याकडे पाहू लागले. मी यंत्रासमोर बसलो होतो. एका मुलीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची नक्कल करायची होती, पेन खोचून ठेवला होता. मी उठलो आणि खुर्ची मोकळी करून दिली.

बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पेन कोणाचा आहे ते विचारले.